ओळंबा न लावलेली भिंत

स्वयंपाकघराची भिंत कलली आहे, असं माझी बायको तीस वर्षं म्हणत आली. भिंत उभी आहे, तुझी नजर कललेली आहे, असं मी तीस वर्षं म्हणत आलो. गेल्या उन्हाळ्यात दोन दिवसांच्या तापात ती गेली. म्हणजे वाद मीच जिंकला. समोरचा पहिलवान उठून गेला की कुस्ती आपल्या नावावर लागते, तशी ही माझी जीत. त्या जितीचं करायचं काय, ते मात्र मला वर्षभर कळलं नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो. हे लिहितो आहे ते नातीच्या अर्ध्या उरलेल्या वहीत, आडव्या रेघांवर. आडव्या रेघा मला जन्मभर चांगल्या दिसत आल्या. उभ्यांचं काय होत होतं, ते सांगायलाच बसलो आहे.

धंदा गवंड्याचा. धाड गावच्या आसपासची खेडी आणि वर बुलढाणा मिळून माझ्या हातच्या भिंती किती, ते मोजलं नाही. पडली एकही नाही, एवढं ठाऊक आहे. माझा थर पाहायला दुसरे गवंडी येत. विटेवर वीट अशी बसायची की कोणीतरी पाण्यानं रेघ ओढली असं वाटावं. भिंत उभी आहे की नाही ते मात्र कोणताही गवंडी डोळ्यानं ठरवत नाही. त्यासाठी ओळंबा असतो. दोरीच्या एका टोकाला लाकडी ठोकळा, दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन. ठोकळा वर भिंतीला टेकवायचा आणि वजन खाली सोडायचं. वजन भिंतीला निसटतं लागलं तर भिंत उभी. दूर राहिलं किंवा चिकटून बसलं तर भिंत कलली. फरक मोजायचा सुतात. एका इंचात आठ सूत. आमच्या धंद्यात दोन सुतांची चूक म्हणजे चूक आणि चार सुतांची म्हणजे बदनामी.

स्वतःचं घर बांधलं तेव्हा सगळ्या भिंती ओळंब्यानं उचलल्या. एक राहिली, स्वयंपाकघराची. त्या वेळी माझा ओळंबा बुलढाण्याच्या एका कामावर पडून होता. जाऊन आणायला एक दिवस गेला असता. पण ओट्यावर चार गवंडी चहा पीत बसले होते, आणि चार गवंड्यांसमोर माणसाची अक्कल जशी चालते तशी माझी चालली. मी म्हणालो, ओळंबा कशाला पायजे, तो माह्या डोळ्यातच हाय. आणि भिंत उचलली. चौघांनी मान डोलावली. चहा माझा होता.

त्या भिंतीवर लोखंडाचे दोन अँगल ठोकून मी बायकोला एक फळी बसवून दिली. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ती परातीतल्या पिठाचे हात घेऊनच बाहेर आली.

"भित कलली हाय," ती म्हणाली. "फळीवर लाटणं ठेवलं का घरंगळत खाली येते."

"लाटणं गोल हाय. घरंगळणारच."

"मंग तुमी चौकोनी लाटणं आना."

तिथून जे सुरू झालं ते तीस वर्षं चाललं. ती रोज म्हणायची असं नाही. पावसाळ्यात लाटणं पायावर पडलं की म्हणायची, पाहुण्यांसमोर हटकून म्हणायची. मी दर वेळी सांगायचो की बाई, तुह्या डोळ्यात वाकडेपण आहे, मला चार तालुक्यांत विचारतात. ती म्हणायची, चार तालुक्यांतल्या बायांना तुम्ही ओळंब्यानं बांधून दिलं, मला डोळ्यानं.

आता मी काही नुसतं बोलून थांबणारा नवरा नव्हतो. नजर कलली आहे म्हटल्यावर इलाज माझ्याकडंच आला. डोळ्यांबद्दल जो जे सांगेल ते मी घरी आणायचो. शेवग्याचा पाला, तरोट्याची भाजी, गाजरं, आवळे. त्रिफळा रात्री भिजवून सकाळी त्याच्या पाण्यानं डोळे धुवायला लावले. उगवत्या सूर्याकडं टक लावून पाहायला लावलं. तिनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं की सूर्य सरळ आहे, भिंत कललेली आहे. भाज्या ती रांधायची आणि माझ्याच ताटात जास्त वाढायची. मला वाटायचं, नवऱ्यावर जीव आहे.

शेवटचा इलाज धाडच्या बाजारातला, लेकाच्या लग्नाच्या थोडा आधीचा. एक माणूस गाडीवर भोंगा लावून थेंबाच्या शिश्या विकायचा. जाळं, फूल, पाणी गळणं, तिरपं दिसणं, सगळ्यावर एकच औषध, शंभर टक्के झाडपाल्याचं. जाड पुठ्ठ्याचं हिरवं खोकं, त्यावर एका बाईचा एकच डोळा काढलेला आणि भुवईच्या जागी पान. दोन शिश्यांचा कोर्स होता. मी दोन्ही आणल्या आणि म्हणालो, ये, टाकून देतो. ती म्हणाली, माझं मी टाकेन, तुमचा हात चुन्याचा.

आणि गुण आला. पंधरा दिवसांत तिनं भिंतीचं नाव काढणं बंद केलं. लाटणं फळीवर राहायला लागलं. मी मुद्दाम विचारलं, कसं काय आता? ती चुलीकडं तोंड करून म्हणाली, "लागू पडलं औषध." मी गावभर सांगितलं. सात-आठ जणांना तेच थेंब घ्यायला लावले. कोणालाही काही गुण आला नाही, तेव्हा मी म्हणालो, श्रद्धा कमी पडली.

ती गेली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पांढरे कपडे घडी होऊन ट्रंकेत गेले, आणि माझंच डोकं दुखायला लागलं. दुपार झाली की कपाळ ठणकायचं. समोरचा विजेचा खांब दुहेरी दिसायचा. डोळे बारीक करून पाहिलं तर जरा बरं वाटायचं, म्हणून मी दिवसभर डोळे बारीक करून हिंडायचो. लोक म्हणायचे, म्हातारा रडून रडून डोळ्यानं गेला. मी एकदाही रडलो नव्हतो. पण लोकांनी आपल्याला चांगला नवरा ठरवला असेल तर मधे कशाला बोलावं?

मग गावाची दया सुरू झाली. जो येईल तो इलाज घेऊन येईल. मेव्हणीनं शिशीत भरून मध पाठवला. मध घातल्यानं डोळे गोड झाले नाहीत, लाल झाले. एकानं कांद्याचा रस सांगितला. तो घातला आणि वर्षभराचं राहिलेलं रडणं एका सकाळी होऊन गेलं. सुनेनं मोबाइलवर शोधून व्यायाम काढला: अंगठा समोर धरायचा, बुबुळं वर, खाली, डावीकडं, उजवीकडं फिरवायची, महिन्यात चष्म्याचा नंबर जातो म्हणे. मी ते सकाळी ओट्यावर बसून करायचो. पाचव्या दिवशी समोरच्या घरची म्हातारी सुनेला विचारत होती, काय वं, सासऱ्याच्या मनात दुसरं लगन हाय का, रोज माह्याकडं पाहून डोळे फिरवते. व्यायाम बंद झाला.

आता असं वाटेल की डोळे तपासायला जाणं सोपं होतं. पण मी चार तालुक्यांतला नजरेचा गवंडी. माझ्या डोळ्यात खोट निघाली, तर मग त्या भिंतीचं काय? बाईचं ऐकून घ्यायला बाई राहिली नव्हती, आणि मी खोटा निघालो असतो तर ते सांगायचं कोणाला? त्यापेक्षा डोकं दुखलेलं बरं.

तेवढ्यात लेकानं स्वयंपाकघराला टाइल्स लावायचं काढलं. मिस्त्री बोलावला धामणगाव बढ्याचा. माझ्याच हाताखाली घडलेला, आता स्वतःच पन्नाशीचा, दाढी पांढरी झालेला. मला अजून उस्ताद म्हणतो. त्यानं फळीवरचे डबे बाजूला न करता कोपऱ्यातून ओळंबा सोडला, खाली वाकून पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि दोरी गुंडाळायला लागला. मी विचारलं, काय दिसलं? तो म्हणाला, काही नाही उस्ताद, जरासं जाड प्लास्टर मारून घेऊ. मी म्हणालो, जाड प्लास्टर कशाला? उभ्या भिंतीला जाड प्लास्टर कोण मारतं?

त्यानं ओळंबा माझ्या हातात दिला. "तुमीच सोडा, उस्ताद. मी काऊन बोलू?"

मी ओळंबा घेतला नाही. तुझं वजन घासून गेलं आहे, दोरीला पीळ पडला आहे, ठोकळा एका बाजूनं झिजला आहे, असं बरंच काही बोललो. तो बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला. माझ्याच हाताखाली शिकलेला, म्हणून ओळंबा खोटा नसणार, हेही मला माहीत होतं. शेवटी सून मधे पडली.

"मामाजी, भांडू नका," ती म्हणाली. "ओळंबा तरी खोटा हाय, नाहीतर तुमची नजर. पहिले डोळे तपासून या. मंग त्याले काय बोलायचं ते बोला."

बोलणं मला पटलं, पण माझ्या पद्धतीनं. मी बुलढाण्याला डोळे दाखवायला गेलो नाही, दाखला आणायला गेलो. नजर सरळ आहे असं डॉक्टरच्या तोंडून एकदा आलं की मिस्त्रीचा ओळंबा खोटा, भिंत उभी, आणि वर गेलेल्या बाईचं तीस वर्षांचं बोलणं रद्द. ती असती तर तिच्यापुढं कागद ठेवला असता. नाही तर नाही, फोटोपुढं ठेवेन, असं ठरवून घाट चढणाऱ्या एसटीत बसलो.

दवाखान्यात एका पोरीनं मला मशीनपुढं बसवलं, हनुवटी टेकवायला लावली, आत एक रंगीत चित्र दिसलं. मशीननं एक चिठ्ठी काढून दिली. ती वाचून म्हणाली, "काका, तुम्हाला सिलिंडर आहे."

मी म्हणालो, "हाव, दोन हायेत. सुनेच्या नावावर."

ती हसली नाही. रोज ऐकत असावी. तिनं सांगितलं की हा चष्म्याचा सिलिंडर, नंबराचाच एक प्रकार. मग भिंतीवर एक तक्ता दाखवला, सायकलच्या चाकासारखा, मधून निघालेल्या आऱ्या. विचारलं, यातल्या कोणत्या रेघा जास्त काळ्या दिसतात?

मी पाहिलं. सरळ प्रश्न होता. आडव्या रेघा काळ्याभोर, दोरीनं मारल्यासारख्या. उभ्या रेघा फिक्या, पसरलेल्या, फडक्यानं पुसल्यासारख्या. मी म्हणालो, बाई, तक्ता बदला, छापणाऱ्याची शाई उभ्या रेघांपाशी संपलेली दिसते. ती म्हणाली, "काका, सगळ्या सारख्याच काळ्या आहेत."

मग तिनं माझ्या नाकावर लोखंडी चौकट चढवली, त्यात एक काच टाकली आणि काच हळूहळू फिरवली. फिरवता फिरवता एका जागी उभ्या रेघा काळ्या झाल्या. शाई आली. मी चौकट वर उचलली, शाई गेली. खाली केली, आली. असं मी चार-पाच वेळा केलं, तेव्हा ती म्हणाली, मागं नंबर लागलेत, काका.

डॉक्टर वयानं माझ्या लेकाएवढे. त्यांनी समजावलं की डोळ्याचा पुढचा काचेसारखा भाग चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल पाहिजे. माझा एका बाजूनं जास्त वाकलेला आहे. म्हणून एका दिशेची रेघ नीट बसते आणि दुसऱ्या दिशेची पसरते. मी म्हणालो, म्हणजे घमेल्याला पोचा पडावा तसं. त्यांना ते आवडलं. म्हणाले, तसंच समजा. मोतीबिंदूही थोडा आहे, पण त्याला अजून वेळ आहे. हा पोचा मात्र जुना, लहानपणापासूनचा असावा. वयानं आणि सिमेंटच्या हातानं डोळे चोळून वाढलाही असेल. डोळे चोळणं आजपासून बंद.

मी म्हणालो, पण मला त्रास कधीच झाला नाही. ते म्हणाले, जे कधी सरळ पाहिलंच नाही ते वाकडं आहे हे कसं कळणार?

हे वाक्य माझ्या बायकोनं म्हटलं असतं तर मी दोन दिवस जेवलो नसतो.

मग मी इलाज विचारले. झाडपाल्याचं काही? त्यांनी कोणाला नावं ठेवली नाहीत. शेवगा, तरोटा, गाजर, आवळा, सगळं खा, म्हणाले, डोळ्याला आणि बाकीच्या शरीराला चांगलंच आहे. उन्हात टोपी घाला, वाचताना उजेड घ्या, मधे मधे डोळे मिटून बसा, साखर तपासून घ्या, वर्षातून एकदा दाखवायला या. पण पाला खाऊन पोचा निघत नाही; त्याला चष्माच लागतो. मध, कांदा, बाजारातले थेंब डोळ्यात घालायचे नाहीत. सूर्याकडं तर पाहायचंच नाही. सूर्याकडं कोणी पाहायला लावलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, असतात एकेक माणसं.

दाखला मिळाला नाही. चिठ्ठी मिळाली.

आठ दिवसांनी चष्मा हातात आला. बजावून सांगितलं होतं की सुरुवातीला जमीन तिरपी वाटेल, भिंती अंगावर आल्यासारख्या वाटतील, आठ-दहा दिवसांत डोकं सरावतं. तसंच झालं. सगळं गाव कललं. शाळा कलली, विहार कललं, सरपंचाचं दुमजली घर तर माझ्याच अंगावर यायला लागलं. गंमत अशी की त्या दिवसांत स्वयंपाकघराची भिंत मला अगदी सरळ दिसायची. मिस्त्री दोनदा येऊन विचारून गेला. मी त्याला थांबवून ठेवलं. दहा दिवस पूर्ण झाल्याशिवाय भिंतीला ओळंबा लावायचा नाही असं ठरवलं होतं. नंतर कोणी म्हणायला नको की चष्म्याच्या चक्करेत मोजलं.

त्या दहा दिवसांत एकच गोष्ट नीट पाहिली. बाहेरच्या खोलीत तिचा फोटो आहे. हनुवटीवर गोंदण. पंचेचाळीस वर्षं मी ते गोंदण एक छोटी आडवी रेघ समजत होतो. ते तीन ठिपके आहेत. शेजारी शेजारी, मधे नीट जागा सोडलेले. सून सासूला आत्याबाई म्हणायची; मी तिला विचारलं, आत्याबाईच्या हनुवटीवर काय होतं? ती म्हणाली, तीन ठिपके. जसं काही कोणालाही माहीत असतं.

अकराव्या दिवशी जेवणं झाल्यावर मी माझा जुना ओळंबा काढला. दोरी नवी बांधली. घरात सून एकटी होती, भांडी घासत. मी स्टुलावर चढलो, ठोकळा भिंतीला वर टेकवला आणि वजन सोडलं. ते हललं, फिरलं, थांबलं. खाली उतरून पट्टी लावली. वजन भिंतीपासून दूर होतं. पुन्हा चढलो, दुसऱ्या कोपऱ्यातून सोडलं. तेवढंच. एक इंच दोन सूत. वरून खोलीत कललेली. भिंत माझ्या हातची नसती तर बांधणाऱ्याला मी शिव्या घातल्या असत्या. थर मात्र अजूनही पाण्यानं रेघ मारल्यासारखे होते. आडवे.

आता एकच कोडं राहिलं. भिंत एवढी आत आली, तर फळीही पुढं झुकली पाहिजे. मग लाटणं इतकी वर्षं वर राहिलं कसं? मी डबे उतरवले आणि फळीखाली डोकं घातलं. अँगलच्या पुढच्या टोकावर, लोखंड आणि लाकूड यांच्या मधे, काहीतरी कोंबलेलं होतं. दुसऱ्या अँगलवरही. तेलानं काळी पडलेली पुठ्ठ्याची घडी. मी एक ओढून काढली आणि उलगडली. आतला भाग अजून हिरवा होता. एक डोळा, आणि भुवईच्या जागी पान.

घडी मोजली. बरोबर एक सूत. एक फूट रुंदीच्या फळीला तेवढंच लागतं. हिशोब मी नंतर करून पाहिला: दहा फूट उंचीत दहा सूत, म्हणजे फुटाला एक. तिला तो कोणी शिकवला नव्हता.

मी सुनेला हाक मारली. तिनं माझ्या हातातलं खोकं पाहिलं आणि हात पुसत म्हणाली, "ते काऊन काढलं?"

"तुले माहीत होतं?"

"मी घरात आली तवाच आत्याबाईनं सांगितलं. फळी पुसजो, पण घड्या काढू नको. आन मामाजीले सांगू नको, त्याहीले वाटते भित सरळ हाय."

मी स्टुलावरच बसलो. लागू पडलं औषध, ती म्हणाली होती. खोटं बोलली नव्हती. मी रोगी चुकवला होता, तिनं बरोबर रोग्याला दिलं. थेंबांचं तिनं काय केलं ते सुनेलाही ठाऊक नाही. अंगणातल्या कढीपत्त्याला घातले असतील. त्याला काही झालं नाही, अजून चांगला आहे.

संध्याकाळी मिस्त्री आला. मी त्याला सांगितलं की ओळंबा तुझा खरा होता, तेव्हा त्याला फार वाईट वाटलं. जाड प्लास्टर मारून भिंत सुतात घेतो, कोणाला कळणारही नाही, म्हणाला. मी नको म्हटलं. भिंत सरळ केली तर फळी काढून नव्यानं ठोकावी लागेल, मग त्या घड्या तिला मागं झुकवतील, आणि घड्या मी काढणार नव्हतो. टाइल्स आहे त्या भिंतीवर लाव, फळीला हात लावू नको, कोणी विचारलं तर सांग की उस्तादानं डोळ्यानं बांधली आहे.

तो गेल्यावर मी फोटोपुढं उभा राहिलो. कागद आणायचा राहिलाच होता, म्हणून तोंडानंच सांगितलं. "कलली हाय. एक इंच दोन सूत." ती काय, आधीपासूनच हसत होती त्या फोटोत.

मग पुठ्ठ्याची घडी होती तशी घातली, तेलाचा डाग खाली करून, अँगलच्या टोकावर सारली. डबे परत लावले. सुनेच्या हातातलं लाटणं घेतलं आणि फळीच्या कडेपाशी आडवं ठेवून हात सोडला.

राहिलं.